घरच्या वायफायचे पत्ते आणि दारावरची फायरवॉल



आपल्या या पानावर नेहमी पिकाचे, जनावरांचे, खता-पाण्याचे बोलणे होते. आज थोडे निराळे बोलावयाचे आहे. गेल्या काही वर्षांत फायबरची तार पुष्कळ गावांत आली आणि तेथून वाड्या-वस्त्यांवरही पोहोचली. ओसरीच्या भिंतीवर एक डबा लागला. मुलांच्या परीक्षेचे अर्ज, सातबाराचा उतारा, पीक विम्याचा फॉर्म, दुधाचे बिल, गोठ्यावरचा कॅमेरा आणि कोठे कोठे ठिबकचे व्हॉल्व्ह उघडणारे यंत्रसुद्धा आता या एका डब्यावर चालते. विहिरीवरची मोटार बंद पडली तर वायरमन येईपर्यंत आपण फ्यूज पाहतो, स्टार्टर पाहतो, फूटव्हॉल्व्ह उघडा पडला का ते पाहतो. हा डबा बिघडला की मात्र आपण हात टेकतो.

मग दुरुस्तीला येणारा माणूस बहुधा दोनपैकी एक गोष्ट सांगतो. डबा जुना झाला, नवा घ्या. किंवा फायरवॉल आडवी येते, ती बंद करून टाकू. पहिल्या सल्ल्याने पैसे जातात. दुसऱ्याने घराचे दार रात्रंदिवस सताड उघडे राहते. आणि खरा बिघाड पुष्कळ वेळा एवढाच असतो, की घरातल्या एखाद्या यंत्राला पत्ता मिळालेला नसतो, किंवा भलत्याच गावचा मिळालेला असतो, किंवा एकच पत्ता दोघांना गेलेला असतो. असा बिघाड घरच्या घरी शोधता येतो. त्याला इंजिनियर लागत नाही. आकडे वाचता येणारा आणि घाई न करणारा माणूस लागतो. घरात एमएस-सीआयटी झालेली मुलगी किंवा सून असेल तर हे काम तिच्याकडे द्यावे, आणि इतरांनी मध्ये बोलू नये.

पत्ता म्हणजे काय

इंटरनेटवर जे यंत्र बोलते त्याला आकड्यांचा पत्ता लागतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे, प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला; जसे १९२.१६८.१.२५. मोबाईलच्या पडद्यावर हे इंग्रजी अंकांत दिसतील एवढाच फरक. घरच्या बहुतेक डब्यांत पहिले तीन आकडे म्हणजे गाव आणि चौथा आकडा म्हणजे घर, असे समजावे. दोन यंत्रांचे पहिले तीन आकडे सारखे असतील तर ती एका गावातली. एकमेकांशी सरळ बोलतील. तिसरा आकडा निराळा असेल तर ती परगावची झाली, मग ती एकाच खोलीत शेजारी शेजारी का ठेवलेली असेनात.

या पद्धतीने एकंदर सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. १९८१ साली ही पद्धत ठरली तेव्हा हा आकडा अफाट वाटला असेल. पुढे पत्ते अपुरे पडणार हे दिसू लागले, म्हणून १९९६ साली काही आकडे घरगुती वापरासाठी नेमून दिले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, हे ते आकडे. घर नंबर ५ जसे प्रत्येक गावात असते, तसे १९२.१६८.१.५ हे यंत्र लाखो घरांत असू शकते. या पत्त्यावर बाहेरून थेट पत्र येत नाही. तरीही २०११ च्या फेब्रुवारीत बाहेरच्या पत्त्यांच्या जागतिक साठ्यातला शेवटचा गठ्ठा वाटून संपला.

मग बाहेरच्या जगाशी बोलणे कसे होते? पूर्वी मोठ्या वाड्यात चार बिऱ्हाडे राहत. पत्रावर 'द्वारा अमुक' असे लिहिले की ते वाड्याच्या दाराशी येई, आणि दारावरचा माणूस ज्याचे त्याला पोहोचते करी. आपला डबा हेच करतो. घरातल्या दहा यंत्रांची पत्रे तो स्वतःच्या एका पत्त्यावरून पाठवतो, कोणी कोणाला लिहिले ते वहीत टिपून ठेवतो, आणि उत्तर आले की वही पाहून आत देतो. ज्याची वहीत नोंद नाही असे पत्र आले तर दारातूनच परत. हा दारावरचा पहारा म्हणजे फायरवॉल. पत्ते बदलणे आणि पहारा देणे ही खरे पाहता दोन निराळी कामे आहेत, पण घरगुती डब्यात दोन्ही एकाच गड्याच्या अंगावर असतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा पहारेकरी तोंड ओळखत नाही, आकडा ओळखतो. '१९२.१६८.१.५० कडे आलेले पाहुणे आत सोड' असे आपण त्याला सांगून ठेवले असेल आणि उद्या ५० नंबरच्या खोलीत भलताच कोणी राहावयास आला, तर पाहुणे त्याच्याकडे जातील. पहारेकऱ्याने चूक केली नाही. पत्ता हलला. फायरवॉलवर येणाऱ्या पुष्कळशा तक्रारी मुळात अशा हललेल्या पत्त्याच्या असतात.

घरातून दिसते की बाहेरून?

प्रथम डब्यावरचे दिवे पाहावेत. एलओएस नावाचा दिवा तांबडा लागला असेल तर बाहेरची तार तुटली किंवा वाकली आहे. रस्त्याला जेसीबी लागला की हे घडते. अशा वेळी घरात पत्ते शोधीत बसण्यात अर्थ नाही. केबलवाल्याला फोन करावा.

दिवे ठीक असतील तर दुसरी पायरी. गोठ्यावरचा कॅमेरा दिसत नाही असे धरू. मोबाईलचा डेटा बंद करावा, घरचे वायफाय चालू ठेवावे, आणि ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याच्या पेटीचा, म्हणजे डीव्हीआरचा, आकडी पत्ता टाकावा. हा पत्ता डीव्हीआरला जोडलेल्या टीव्हीवर नेटवर्कच्या पानात दिसतो. बहुतेक डीव्हीआरचे नाव आणि पासवर्ड विचारणारे पान उघडते. ते उघडले नाही तर फायरवॉलला दोष देऊ नये. ती वाड्याच्या दाराशी उभी असते. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये ती नसते. घरातल्या घरात यंत्र सापडत नसेल तर बिघाड पत्त्याचा किंवा तारेचा. याला एक अपवाद आहे. पाहुण्यांसाठी निराळे वायफाय चालू केलेले असेल आणि आपला मोबाईल चुकून त्यावर असेल, तर डबा मुद्दामच आतली यंत्रे दाखवीत नाही. तेवढे पाहून घ्यावे.

घरातून दिसते पण बाहेर मोबाईल डेटावरून दिसत नाही, असे असेल तर बिघाड दाराशी आहे. तरी येथेही पहारेकऱ्यावर लगेच आळ घेऊ नये. डीव्हीआरमध्ये 'गेटवे' म्हणून एक आकडा भरलेला असतो. गेटवे म्हणजे वाड्याचे दार कोठे आहे तो पत्ता, म्हणजेच डब्याचा पत्ता. तो चुकीचा असेल तर डीव्हीआर घरात सर्वांशी बोलतो, पण बाहेर जावयास त्याला दारच सापडत नाही.

ठिबकच्या शेवटच्या नळीला पाणी येत नाही म्हणून आपण ड्रिपर उपटीत सुटत नाही. मोटार, फिल्टर, मेन, सबमेन, लॅटरल असे क्रमाने पाहत जातो. येथेही तसेच करावयाचे.

आकडा वाचावा

अँड्रॉइड मोबाईलमध्ये सेटिंग्जमध्ये वायफायवर जावे आणि ज्या नावाला मोबाईल जोडलेला आहे त्याच्या शेजारचे चक्र किंवा बाण दाबावा. खाली आयपी ॲड्रेस आणि गेटवे दिसतात. तेथे लांबलचक, अक्षरे आणि विसर्गासारखी दुहेरी टिंबे असलेला दुसराही पत्ता दिसेल. तो नव्या पद्धतीचा आहे; त्याने गोंधळू नये. आपल्याला ठिपक्यांचा चार आकड्यांचा पत्ता पाहावयाचा आहे. विंडोजच्या संगणकावर 'कमांड प्रॉम्प्ट' ही काळी खिडकी उघडून 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत टाकला की सर्व आकडे समोर येतात.

संगणकावर किंवा कॅमेऱ्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजावे, की या यंत्राने पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक ठरवून घेतला. असा पत्ता घेऊन बाहेर जाता येत नाही. अँड्रॉइड मोबाईल बहुधा असा पत्ता घेत नाही. तो 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' असे म्हणत फिरत राहतो आणि शेवटी जोडणी सोडून देतो. दोन्हींचा अर्थ एकच. पत्ता देणारा आणि मागणारा यांची गाठ पडत नाही.

गाठ का पडत नाही? गोठ्याकडे गेलेली केबल उंदराने कुरतडलेली असते. टोकाच्या प्लगमध्ये मुंग्यांनी घर केलेले असते किंवा पावसाचे पाणी शिरून पितळी दात हिरवे पडलेले असतात. कधी तार फारच लांब ओढलेली असते. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपुढे भरवशाची नाही. गोठा त्याहून दूर असेल तर मध्ये स्विच बसवावा किंवा फायबर न्यावी. कॅमेरा चांगला म्हणून गोठ्यात चारशे फूट केबल ओढलेली मी पाहिली आहे. हिवाळाभर ती चालली आणि पहिल्या पावसात मान टाकली.

दुसरे कारण म्हणजे वाटावयाचे पत्तेच संपलेले असतात. डबा यंत्रांना पत्ते कायमचे देत नाही; आपण शेत खंडाने देतो तसे मुदतीने देतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. मुदत पुष्कळ डब्यांत एक दिवसाची असते. लग्नघरात वऱ्हाडातल्या पोरांनी वायफायचा पासवर्ड विचारला, आपण कौतुकाने सांगितला, आणि साठ मोबाईल जोडले गेले. वाटपाला पत्ते पन्नासच ठेवलेले असतील तर ते संपले. वऱ्हाड गेले तरी मुदत भरेपर्यंत नोंदी राहतात, आणि संध्याकाळी घरच्याच मुलाला पत्ता मिळत नाही. डबा बंद करून पाच मिनिटांनी चालू केला की पुष्कळ वेळा वाटप नव्याने सुरू होते. तेवढ्याने भागले नाही तर मुदत कमी करावी किंवा वाटपाचे आकडे वाढवावेत. आणि वायफायचा पासवर्डही त्याच दिवशी बदलावा, हे सांगावयास नको.

एकच नंबर दोघांना

सर्वांत जास्त छळणारा बिघाड हा. कॅमेरा सहा महिने उत्तम चालतो. मग एके दिवशी कधी दिसतो, कधी दिसत नाही. दिवसा ठीक, रात्री नाही. डीव्हीआर बदलतात, तरी तेच. शेवटी घरात कोणीतरी म्हणते की या वस्तूलाच नजर लागली.

नजर वगैरे काही नसते. डीव्हीआर बसवणाऱ्याने त्याला कायमचा पत्ता भरून दिलेला असतो, समजा १९२.१६८.१.१००. डब्याला ही गोष्ट कोणी सांगितलेली नसते. डब्याच्या वाटपाचे आकडे १०० पासून २०० पर्यंत आहेत असे धरा. डीव्हीआर चालू असतो तोवर पुष्कळ वेळा निभावून जाते, कारण नवे यंत्र पत्ता घेताना 'या नंबरवर कोणी आहे का' अशी हाक मारून पाहते, आणि डीव्हीआर ओ देतो. पण वीज जाते. डबा इन्व्हर्टरवर चालू राहतो. डीव्हीआर गोठ्याच्या लाइनवर असल्याने बंद पडतो. त्याच वेळी मुलगा मोबाईल घेऊन घरी येतो. डबा त्याला १०० नंबर देतो. हाक मारली तरी ओ द्यावयास कोणी नसते. वीज आल्यावर डीव्हीआर उठतो आणि आपल्या जुन्या खोलीवर हक्क सांगतो. आता एका सातबारावर दोन खातेदार, दोघेही कसावयास उभे. पत्रे कधी याला, कधी त्याला. मुलगा सकाळी कॉलेजला गेला की कॅमेरा दिसतो, संध्याकाळी तो परतला की कॅमेरा जातो.

विंडोजचा संगणक अशा वेळी 'आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट' अशी सूचना देतो. डीव्हीआरही काही वेळा तसा संदेश पडद्यावर आणतात. पण गोठ्यातल्या खोलीतला पडदा पाहतो कोण? ओळखण्याची सोपी रीत अशी. डीव्हीआरची वीज काढावी. मग संगणकाच्या काळ्या खिडकीत 'पिंग' हा शब्द आणि पुढे १९२.१६८.१.१०० हा पत्ता टाकावा. डीव्हीआर बंद असूनही उत्तर आले, तर त्या खोलीत दुसरा कोणी राहतो हे सिद्ध झाले. उत्तर आले नाही म्हणून मात्र दुसरा कोणीच नाही असे धरू नये. काही मोबाईल आणि संगणक हाकेला ओ देत नाहीत. अशा वेळी डब्यातली जोडलेल्या यंत्रांची यादी पाहावी.

उपाय दोन. एक तर डीव्हीआरला वाटपाच्या बाहेरचा नंबर द्यावा. वाटप १०० ते २०० असेल तर १९२.१६८.१.२० द्यावा. किंवा डब्यातच नोंद करून ठेवावी, की अमुक यंत्र आले तर त्याला हाच पत्ता द्यावा, दुसऱ्या कोणाला देऊ नये. मला हा दुसरा मार्ग अधिक पसंत आहे, कारण सगळा हिशेब एकाच वहीत राहतो. यासाठी यंत्राचा मॅक नंबर लागतो. बारा अंका-अक्षरांचा हा नंबर यंत्राच्या खाली किंवा मागे चिकटवलेला असतो. बैलाच्या शिंगावर डाग देतात, तसा तो कारखान्यातूनच येतो.

डीव्हीआर आणि छपाईयंत्राचे हे ठीक. मोबाईलचे तसे नाही. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ नंतर, आणि आयफोनमध्ये २०२० नंतर, मोबाईल खरा मॅक नंबर झाकून वायफायला बनावट नंबर दाखवू शकतात. आपला माग कोणी काढू नये म्हणून केलेली ती सोय आहे. पण पोराचा मोबाईल रात्री दहानंतर बंद व्हावा म्हणून आपण फायरवॉलमध्ये मॅक नंबरावर नियम केला असेल, तर बनावट नंबर बदलताच तो नियम हवेत जातो. पोरांना हे आपल्याआधी कळलेले असते!

दोन कारभारी आणि दोन पिंपळगाव

घर मोठे, भिंती दगडाच्या. वायफाय मागच्या पडवीत पोहोचत नाही. म्हणून आपण जुना राउटर काढतो आणि फायबरच्या डब्याला जोडतो. येथे दोन निरनिराळे बिघाड होतात.

पहिला असा, की दोन्ही डब्यांचा आतला पत्ता १९२.१६८.१.१ असतो. पुष्कळ कंपन्या कारखान्यातून हाच आकडा भरून पाठवतात. आपल्याकडे पिंपळगाव नावाची गावे किती तरी आहेत. तालुका लिहिला नाही तर पत्र फिरत राहते. या राउटरच्या पुढेही पिंपळगाव आणि मागेही पिंपळगाव. बाहेर जाणारे पत्र कोणत्या बाजूला टाकावे हे त्याला कळत नाही. चांगला राउटर 'वॅन आणि लॅनचा पत्ता एकच आहे' अशी तक्रार दाखवतो किंवा स्वतःच आतला पत्ता बदलून घेतो. साधा राउटर गप्प बसतो. वॅन म्हणजे बाहेरची बाजू, लॅन म्हणजे घरातली. अशा वेळी आतल्या राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.२.१ करावा. गावाचे नाव बदलले की भांडण मिटले.

दुसरा बिघाड, केबल वॅनच्या भोकात घालावयाची ती लॅनच्या भोकात घातली जाते. मग घरात पत्ते वाटणारे दोन कारभारी होतात. काही मोबाईलला फायबरचा डबा पत्ता देतो, काहींना जुना राउटर. निम्मे चालतात, निम्मे चालत नाहीत, आणि आज चालणारा उद्या चालत नाही. खूण अशी, की दोन मोबाईलमधला गेटवेचा आकडा निराळा दिसतो. दोन्हींचा सारखाच दिसला तरी दोन्ही डबे एकाच पत्त्याचे नाहीत ना, ते तपासावे.

नुसते वायफाय लांबवावयाचे असेल तर जुन्या राउटरला कारभार देऊच नये. तो आधी फायबरच्या डब्यापासून सोडवावा, संगणकाला एकटा जोडावा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करावा, त्यातले डीएचसीपी बंद करावे, आणि मगच लॅनच्या भोकातून केबलने डब्याला जोडावा. क्रम उलटा केला तर मध्येच राउटर हाताबाहेर जातो. मग टाचणीने रीसेटचे भोक दाबून पहिल्यापासून सुरुवात.

यासारखाच प्रकार नवी जोडणी घेतल्यावर होतो. जुन्या कंपनीचा डबा १९२.१६८.०.१ असतो, नव्याचा १९२.१६८.१.१. मोबाईल मुकाट्याने नवे पत्ते घेतात. पण कायमचा पत्ता भरलेला डीव्हीआर आणि ठिबकचा कंट्रोलर जुन्याच गावी बसून राहतात. चार यंत्रांचे आकडे बदलण्यापेक्षा नव्या डब्याचाच लॅन पत्ता आणि वाटप जुन्यासारखे करून घेणे सोपे जाते. जोडणी करणारा माणूस घरात आहे तोवरच हे करून घ्यावे.

फायरवॉल बंद करू नये, ती का

आता दाराशी येऊ. घरातून कॅमेरा दिसतो, गेटवे बरोबर आहे, फायरवॉलमध्ये पाहुण्यांसाठी खिडकी उघडली आहे, खिडकीचा पत्ताही बरोबर आहे, तरी बाहेरून दिसत नाही. अशा वेळी डब्याच्या पानावर वॅनचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असेल, किंवा १० ने, तर आपल्या दाराबाहेर कंपनीचे आणखी एक दार आहे. बाहेरचे पत्ते अपुरे, म्हणून पुरवठादार कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. १००.६४ चे आकडे २०१२ साली याच कामासाठी नेमले गेले. आपण आपले दार कितीही उघडले तरी वेशीचे दार आपल्या हाती नाही. फायरवॉल बंद केली तरी या पत्त्यावर कॅमेरा बाहेरून दिसणार नाही. दोष मात्र तिलाच लागतो.

येथे कंपनीकडे स्वतंत्र कायमचा पत्ता मागता येतो. त्याला बहुधा निराळे पैसे पडतात. नुसता गोठा पाहावयाचा असेल तर कॅमेऱ्याच्या कंपनीचे ॲप पुरते. त्यात डीव्हीआर स्वतः आतून बाहेर पत्र पाठवतो आणि उत्तर आत येते. खिडकी उघडावी लागत नाही.

काही जण डीव्हीआरला 'डीएमझेड' मध्ये टाकून देतात. म्हणजे बाहेरून येणारे प्रत्येक अनोळखी पत्र सरळ त्याच्याकडे. वर पासवर्ड कारखान्यातला, 'ॲडमिन' किंवा '१२३४५६'. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे असेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधून काढले. त्याच्याजवळ कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांची यादी होती. ती एकामागून एक लावून पाहावयाची, एवढेच त्याचे कौशल्य. ऑक्टोबर २०१६ मध्ये अशा ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या डायन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा पुष्कळ ठिकाणी काही तास मिळेनाशा झाल्या. ज्यांच्या घरचे कॅमेरे त्यात राबले त्यांना पत्ताही नव्हता. गोठ्यावर चोर येतो का ते पाहावे म्हणून बसवलेला कॅमेरा बाहेरच्याने उघडला, तर घरी माणसे कधी नसतात ते त्यालाच दिसते. त्याच वायफायवर आपला बँकेचा मोबाईलही असतो.

म्हणून डब्याचा आणि डीव्हीआरचा कारखान्यातला पासवर्ड पहिल्या दिवशीच बदलावा. दुरुस्तीवाल्याने तपासणीसाठी फायरवॉल बंद केलीच, तर तो घराबाहेर पडण्यापूर्वी चालू झाली का ते डोळ्यांनी पाहावे. बँक खात्यातून पैसे गेल्याचे आढळल्यास १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. तासाभराचा उशीरही महागात पडतो.

शेवटचे काम कागदाचे. वहीच्या एका पानावर घरातल्या प्रत्येक कायम यंत्राचे नाव, त्याचा पत्ता, मॅक नंबर, डब्याचा पत्ता आणि वाटपाचे पहिले-शेवटचे आकडे लिहावेत. हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. पासवर्ड त्यावर लिहू नयेत. ते निराळे ठेवावेत. केबलवाल्याला फोन करताना 'नेट चालत नाही' एवढेच न सांगता 'एलओएसचा दिवा बंद आहे, मोबाईलला पत्ता मिळतो, वॅनचा पत्ता अमुक आहे' असे सांगावे. त्याचीही एक फेरी वाचते.

सर्व नीट बसले असे वाटले की एक परीक्षा घ्यावी. सर्व माणसे आणि मोबाईल घरात असताना गोठ्याची लाइन मुद्दाम पंधरा मिनिटे बंद ठेवावी आणि मग चालू करावी. डीव्हीआर उठल्यावर कागदावरचा प्रत्येक पत्ता ज्याच्या त्याच्याकडे आहे का, ते एकेक करून ताडून पाहावे. रात्री पुन्हा एकदा, मुले घरी आल्यावर.